जुन्या केबल बातम्यांच्या कॅसेटी: प्ले दाबण्याआधीची तयारी

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम दिवाळी झाल्यावर काढा आणि होळीच्या आत जमेल तेवढं उरका. यात मुहूर्ताचा प्रश्न नाही. सांगली-मिरज पट्ट्यात हेच चार-साडेचार महिने हवा कोरडी असते आणि ऊनही अंगावर येत नाही. पावसाळ्यात खोकी उघडलीत तर बाहेरची ओल आत जाते, आणि एका कॅसेटवरची बुरशी शेजारच्या दहा कॅसेटींवर चढते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत मशीन चार तास चालवलं तर टेपच्या आधी आपणच वितळतो.

मी बोलतोय ते जिल्ह्याच्या गावातल्या केबल चॅनेलच्या बातम्यांबद्दल. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ पासून चालू असलं तरी तिथल्या बातमीपत्रात आमची वर्णी लागायची ती कृष्णेला पूर आला किंवा कुणी मंत्री येऊन गेला तर. हळदीचे सौदे, जतचे टँकर, तासगावचा रथोत्सव, कुस्त्यांची मैदानं, वॉर्डातलं तुंबलेलं गटार, हे सगळं केबलवाल्यांनीच टिपलं. आता ते कुणाच्या तरी माळ्यावर नाहीतर जिन्याखाली पडून आहे.

पहिली तयारी माणसांची. ज्यानं शूटिंग केलं, ज्यानं बातम्या वाचल्या, जो कंट्रोल रूममध्ये कॅसेट लावायचा, त्यांना आधी गाठा. कॅसेटच्या पट्टीवर ‘मोर्चा २’ एवढंच लिहिलेलं असतं. मोर्चा कुणाचा, कशासाठी, पुढं चालणारी बाई कोण, हे त्या एकाच माणसाच्या डोक्यात असतं आणि तो आता साठीच्या पुढं आहे. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून त्याला खोक्यासमोर बसवा आणि एकेक कॅसेट हातात द्या. चहा दोनदा होईल, भांडणाच्या जुन्या गोष्टी निघतील, निघू द्यात. बातम्यांची वही कुठं आहे हेही विचारा. रोजच्या बातम्यांचा क्रम लिहिलेली शंभरपानी वही सापडली तर तुमचं निम्मं काम झालं म्हणून समजा. ती आधी स्कॅन करा.

मग मोजदाद. कॅसेटी जमिनीवर पसरा आणि जात पाहून वेगळ्या करा. सुरुवातीच्या वर्षांतल्या व्हीएचएस आणि एस-व्हीएचएस, मधल्या काही हाय-एट, आणि २००० च्या आगेमागे आलेल्या मिनीडीव्ही किंवा डीव्हीकॅम असा साधारण मामला असतो. प्रत्येकीला साधा चढता क्रमांक द्या, कॅसेट सोडून फक्त कव्हरवर लिहू नका, कारण कव्हरं हमखास अदलाबदल होतात. जुनी पट्टी काढू नका, खोडू नका. तिचा फोटो घ्या. आणि त्याच बैठकीत प्रत्येक व्हीएचएसच्या पाठीवरची प्लॅस्टिकची खिट्टी तोडून टाका, मिनीडीव्हीची सरकपट्टी ‘SAVE’ लिहिलेल्या बाजूला करा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग काही पुसलं जाणार नाही.

कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपची गुंडाळी बघा. कडेवर पांढरी पूड किंवा जाळ्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी. अशा कॅसेटी वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद करा. हाताळताना तोंडाला मास्क लावा आणि त्या चांगल्या मशीनमध्ये कधीच घालू नका. पुराचं पाणी लागलेल्या कॅसेटींचं दुखणं आणखी वेगळं. पूर ओसरला की आपल्याकडं गाद्या, वह्या, लग्नाचे अल्बम सगळं गच्चीवर उन्हात पसरतात. कॅसेटीही पसरल्या जातात, आणि तिथंच त्या मरतात. ऊन नको, हेअर ड्रायर नको. सावलीत, पंख्याच्या दूरच्या वाऱ्यात सुकवायच्या, आणि जाणकाराला दाखवेपर्यंत वाजवायच्या नाहीत.

मशीनवर सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घाला, कारण टेपच्या आधी मशीन संपणार आहे. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनं २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. त्यानंतर जे आहे ते जुनंच. शक्यतो एकाच मॉडेलची दोन घ्या, एक चालवायला आणि एक सुट्या भागांसाठी. टेप पुढं ओढणारा रबरी पिंच रोलर कडक झालाय का, बेल्ट सैल पडलेत का, हे व्हीसीआर दुरुस्त केलेल्या माणसाकडून तपासून घ्या. असा माणूस अजून बहुतेक गावांत एखादा असतो. हल्ली तो मोबाइलची कव्हरं विकत असतो, एवढंच. हेड, म्हणजे टेप वाचणारा नाजूक भाग, पुसायला कापसाची काडी वापरू नका, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. शॅमॉय कातड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागावर, नुसता टेकवायचा आणि ड्रम हातानं हळू फिरवायचा. खालीवर घासलंत तर हेड गेलं.

व्हीएचएससाठी जमलं तर एस-व्हीएचएस डेक बघा, ज्याला एस-व्हिडिओचं आउटपुट आहे, आणि मध्ये टाइम बेस करेक्टर लावा. जुन्या टेपचा सिग्नल डुलत असतो. हे यंत्र त्याला सरळ रांगेत उभं करतं. ते नसेल तर कॉम्प्युटर मध्येच फ्रेम गाळतो आणि अर्ध्या तासानं निवेदिकेचे ओठ एकीकडं, आवाज दुसरीकडं. बाजारातल्या अगदी स्वस्त यूएसबी डोंगलनं हेच होतं. मिनीडीव्हीची गोष्ट वेगळी. त्यावर मुळातच डिजिटल आकडे आहेत, म्हणून ती पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरनं उतरवू नका. फायरवायरनं, म्हणजे कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरला थेट डिजिटल जोडणाऱ्या वायरनं, जसंच्या तसं घ्या, म्हणजे शूटिंगची तारीख-वेळही सोबत येते. अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलेलंच नसेल तर ती तारीख काहीही असू शकते. फायरवायर असलेला जुना कॉम्प्युटर मिळाला तर तो या कामापुरता ठेवा आणि अपडेट करू नका. आणखी एक: टेप वाचवायला काही कॅमेरामन एलपी मोडवर शूट करायचे, साठ मिनिटांच्या टेपमध्ये नव्वद मिनिटं. अशी टेप दुसऱ्या कॅमेऱ्यात चौकोन चौकोन होऊन दिसते. टेप खराब म्हणून टाकू नका. मूळ कॅमेरा कुणाच्या कपाटात आहे का ते विचारा.

वीज. लोडशेडिंगला इन्व्हर्टर असतोच, पण स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याची घरघर आवाजात आणि कधी चित्रातही उतरते. साइन वेव्हचा घ्या.

जागेचा हिशेब आधीच कागदावर मांडा. समजा तीनशे कॅसेटी आहेत आणि प्रत्येकीत सरासरी दोन तास. म्हणजे सहाशे तास. मिनीडीव्हीचा एक तास सुमारे १३ जीबी घेतो. व्हीएचएस नुकसान न करता दाबणाऱ्या एफएफव्ही१ मध्ये ठेवलं तर तासाला तीसच्या वर जातं. हे सगळं व्हीएचएसच असेल तर वीस टीबीच्या आसपास, आणि तेही एका प्रतीचं. वेळेचं बघा: एक तासाची टेप उतरवायला लावणं, तपासणं, नोंद करणं धरून अडीच-तीन तास जातात. ‘दोन महिन्यांत संपवू’ असं कुणी म्हणालं तर त्यानं अजून एकही कॅसेट लावलेली नाही.

मूळ फाइल सुशोभित करू नका. कडेची काळी पट्टी, खालची लुकलुकणारी रेघ, हललेला रंग, सगळं राहू द्या. इंटरलेस (जुन्या चित्रातल्या एकाआड एक रेघा) काढणं, रंग उजळणं, एआयनं चेहरे गुळगुळीत करणं हे पाहण्याच्या प्रतीत करा. दोन ऑडिओ चॅनेल असतील तर एकत्र मिसळू नका. एकात बातमीदाराचा माइक असतो आणि दुसऱ्यात कॅमेऱ्याचा. त्या दुसऱ्यात मागची माणसं बोलत असतात, ‘आवो, सरका की जरा, दिसंना झालंय’, आणि मला विचाराल तर खरी सांगली त्या चॅनेलमध्ये आहे. मधल्या जाहिरातीही कापू नका. सराफ, क्लासेस, साड्यांचा सेल. पंचवीस वर्षांनी बातमीपेक्षा त्याच जास्त बघितल्या जातात.

तारीख नसलेल्या टेपला वय लावायच्या खुणा आधीच एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ मध्ये झाली, म्हणजे या शहरांच्या बातमीत कुणी ‘नगराध्यक्ष’ म्हणत असेल तर टेप त्याआधीची, ‘महापौर’ असेल तर नंतरची. सिनेमाची पोस्टरं, दुकानाच्या पाटीवरच्या फोन नंबरचे आकडे, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालचं पाणी, सगळं कामाला येतं. गावांची नावं यादीत जुनी आणि नवी दोन्ही लिहा; उस्मानाबाद शोधणाऱ्यालाही सापडलं पाहिजे आणि धाराशिव शोधणाऱ्यालाही.

हक्काचा कागद मशीन आणण्याआधी करा. केबल बंद पडली, भागीदार फुटले, कॅसेटी तिसऱ्याच्या घरात, ही नेहमीची कथा. कॅसेट ज्याच्या माळ्यावर, तो हक्कदार असतोच असं नाही. आपल्या कायद्यात प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षं चालतो, पण चित्रफितीचा कॉपीराइट ६० वर्षं, आणि तो निर्मात्याचा. म्हणून चॅनेल चालवणाऱ्याची लेखी परवानगी घ्या, भागीदार असतील तर सगळ्यांची. आणि एक यादी ‘दाखवायची नाही’ अशी वेगळी ठेवा. त्या काळात अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, घर, आईचा चेहरा बिनदिक्कत दाखवलेला असतो. ते आज जाहीर करणं गुन्हा आहे. तेव्हाही होता, कुणी बघत नव्हतं इतकंच. जपायचं सगळं, उघडं करायचं ते निवडून.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक गावाबाहेर. फाइल तयार झाली की लगेच तिचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा आकडा, काढा आणि दर सहा महिन्यांनी पडताळा. गावाबाहेरची प्रत कोल्हापूरला पाहुण्यांकडं ठेवू नका. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा तिथली पंचगंगा आमच्या कृष्णेच्या जोडीनंच चढली. पुण्याला ठेवा, तीही तळमजल्यावर नको.

एवढं झालं की पहिली कॅसेट निवडा, आणि ती सगळ्यात बिनमहत्त्वाची निवडा, कारण मशीन तिच्यावरच टेप खाऊन दाखवणार. मी ‘साखरपुडा, मिरज’ लिहिलेली घेतली होती. बहुतेक कॅमेरामन पोटासाठी लग्नंही करायचे, त्यामुळं खोक्यात अशा कॅसेटी असतातच. चाळीस मिनिटं पेढे भरवणं चाललं, मग चित्र गुंडाळलं, खरखर झाली, आणि खालून मार्केट यार्ड निघालं: हळदीच्या पोत्यांवर बसलेले अडते, पिवळे हात, आणि स्वच्छ आवाजात बातमीदाराचा प्रश्न, ‘यंदा दर का पडला?’ जुन्या बातम्यांवर साखरपुडा भरला होता, शेवटची तीन मिनिटं तेवढी शिल्लक होती. मी मशीनकडंच बघत बसलो होतो, कॅप्चर चालू केलेलं नव्हतं. रिवाइंड करून पुन्हा लावली तेव्हा अडत्याचं उत्तर सुरू होतं तिथं नेमकी टेप चुरगळली.