दुबईत ब्रोकर कंपनीनं कमिशन अडकवलं तर काय करायचं, सगळं सविस्तर

दुबईत रिअल इस्टेटमध्ये आलेल्या आपल्या मुलामुलींचे मेसेज मला सारखे येतात आणि दहातले बरेचसे एकाच गोष्टीचे, डील झाली, क्लायंटनं पैसे भरले, कंपनीच्या खात्यात कमिशन आलं पण माझा वाटा चार महिने झाले "पुढच्या आठवड्यात" चाललाय. माझ्यावर हे येऊन गेलंय, माझे 38,000 दिरहम अडकले होते, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, तुमचे पैसे नक्की कोणाकडे अडकलेत हे शोधा, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. दुबईत एजंट स्वतःच्या नावावर कमिशन घेऊ शकत नाही, रेराचं (लँड डिपार्टमेंटची रिअल इस्टेटवर देखरेख करणारी संस्था) कार्ड आणि बीआरएन नंबर (ब्रोकरचा नोंदणी क्रमांक) तुमचा असला तरी तो कंपनीच्या लायसन्सखाली असतो आणि क्लायंटशी करार कंपनीचा असतो. सेलरशी केलेला फॉर्म ए, बायरशी केलेला फॉर्म बी, दोघांमधला फॉर्म एफ, दोन ब्रोकर कंपन्यांमधला फॉर्म आय, सगळीकडे कंपनीचं नाव. म्हणजे क्लायंटनं किंवा डेव्हलपरनं पैसे दिले नाहीत तर तो कंपनीचा दावा, रेराकडे तक्रार असो नाहीतर कोर्टात केस, कंपनीनंच करायची. आणि कंपनीला पैसे मिळाले पण तुम्हाला दिले नाहीत तर तो तुमचा दावा, आणि तो रेराचा विषय नाही तर कामगार खात्याचा आहे, म्हणजे मोहरेचा. मी स्वतः पहिले तीन आठवडे लँड डिपार्टमेंटच्या मागे लागून घालवले, तुम्ही घालवू नका.

क्लायंटकडून अडकलं असेल तर थोडक्यात सांगतो. दुबईचा ब्रोकरांचा नियम म्हणजे 2006 चा 85 नंबरचा, त्यात ब्रोकरचा करार लेखी हवा आणि तुमच्या मध्यस्थीतून सौदा खरंच पूर्ण झाला तरच कमिशनचा हक्क असं आहे. त्यामुळे सही केलेला फॉर्म नसताना फ्लॅट दाखवत फिरू नका, क्लायंटनं पाठीमागून थेट मालकाशी सौदा केला तर तुमच्या कंपनीच्या हातात काहीच राहत नाही. रेडी प्रॉपर्टीत कमिशनचा चेक ट्रान्सफरच्या दिवशी ट्रस्टी ऑफिसमध्येच (जिथे प्रॉपर्टी बायरच्या नावावर होते) हातात घ्यायचा, "उद्या ऑफिसला पाठवतो" ऐकायचं नाही, टायटल डीड एकदा हातात पडलं की बायरला घाई उरत नाही.

आता कंपनीकडून अडकलेल्याबद्दल, कारण खरा त्रास तिथेच आहे.

आधी आकडा काढा. समजा 15 लाख दिरहमचा फ्लॅट विकला, 2 टक्के कमिशन म्हणजे 30,000, त्यावर 5 टक्के व्हॅट 1,500, कंपनीनं एकूण 31,500 घेतले. तुमचं स्प्लिट 50 टक्के असेल तर तुमचे 15,000. व्हॅट सरकारचा आहे, तो तुमच्या हिशोबात धरू नका, धरलात तर समोरचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत तुमचा आकडा चुकीचा ठरवतो आणि मग बाकीच्या बरोबर गोष्टींवरही शंका घेतली जाते. प्रत्येक डीलची एक ओळ करा: युनिट नंबर, ट्रान्सफरची तारीख, किंमत, कंपनीचा इन्व्हॉइस नंबर, कंपनीला पैसे कधी मिळाले, माझा टक्का, मिळालेले, बाकी. एका पानात मावलं पाहिजे. मोहरेतला माणूस दिवसभर केसेस बघत असतो, त्याला तुमची सगळी कहाणी ऐकायला वेळ नसतो.

ऑफ-प्लॅनचं, म्हणजे बांधून व्हायच्या आधीच विकलेल्या फ्लॅटचं, वेगळं असतं. तिथे कमिशन डेव्हलपर देतो आणि तेही बायरनं ठराविक टक्के रक्कम भरल्यावर, ऊकूद रजिस्ट्रेशन (अशा सौद्याची लँड डिपार्टमेंटकडची नोंद) झाल्यावर, त्यामुळे कंपनी हमखास म्हणते "डेव्हलपरनं अजून दिलेच नाहीत". कधीकधी ते खरंही असतं. माझ्या केसमध्ये 11.5 लाखांचं युनिट होतं, 4 टक्क्यांनी 46,000, माझा अर्धा वाटा 23,000, आणि कंपनी पाच महिने हेच सांगत होती. पण डेव्हलपरच्या टीमनं पेमेंट क्लिअर झाल्याचा मेल कंपनीला पाठवला होता आणि मी त्यात सीसीमध्ये होतो. त्या एका मेलवर सगळं फिरलं. तेव्हा ऑफ-प्लॅन डील करताना डेव्हलपरबरोबरच्या प्रत्येक मेलमध्ये स्वतःला सीसीत ठेवायची सवय लावून घ्या.

कागद कधी जमवायचे? राजीनामा द्यायच्या आधी. ज्या दिवशी राजीनामा देता त्याच संध्याकाळी कंपनीचा मेल आणि सीआरएम (क्लायंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) बंद होतो, हे मी किती जणांच्या बाबतीत बघितलंय सांगता येत नाही. स्वतःच्या डील्सचे फॉर्म, एसपीएच्या (खरेदी-विक्री कराराच्या) पहिल्या पानांची कॉपी, इन्व्हॉइस, ऑफर लेटर, कमिशन पॉलिसी, आधी मिळालेल्या कमिशनच्या बँक एंट्री. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात पण फार कामाची आहे, कारण पुष्कळ ठिकाणी मोहरेकडे नोंदवलेल्या करारात नुसता बेसिक पगार लिहिलेला असतो आणि कमिशनचा शब्दही नसतो, मग आधीच्या वर्षभरात कंपनी तुम्हाला ठराविक टक्क्यानं देत आली हे बँक स्टेटमेंटवरून दिसलं तर तो तोंडी व्यवहार होता असं म्हणायला जागा राहत नाही. मात्र कंपनीचा सगळा क्लायंट डेटा पेन ड्राइव्हवर घेऊन बाहेर पडू नका, फक्त तुमच्या डील्सचे कागद. डेटा उचललात तर कंपनीच्या हातात तुमच्यावरच केस करायचं निमित्त येतं.

व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना फोन ठेवा. मॅनेजरनं तुम्हाला पाठवलेला व्हॉइस मेसेज जपून ठेवा, पण कॉल चोरून रेकॉर्ड करायचा नाही, यूएईत परवानगीशिवाय रेकॉर्डिंग हा गुन्हा आहे. आणि हे तर हात जोडून सांगतो, कंपनीचं किंवा मालकाचं नाव घेऊन सोशल मीडियावर "चोर" वगैरे लिहू नका, व्हॉट्सॲपवर शिवी देऊ नका. 2021 च्या 34 नंबरच्या सायबर कायद्यात ऑनलाइन अपमानाला तुरुंग किंवा अडीच ते पाच लाख दिरहम दंड आहे. 15,000 घ्यायला गेलेला मुलगा स्वतः आरोपी होऊन बसतो आणि मग कंपनी म्हणते तू तुझी केस मागे घे आम्ही आमची घेतो.

मग एक लेखी मागणी पाठवा, मेलवर, शांत भाषेत, तक्ता जोडून, सात दिवसांची मुदत देऊन. त्यात धमकी नको. बऱ्याचदा अकाउंट्सचा माणूस त्या मेलला उत्तर देताना "रक्कम प्रोसेसमध्ये आहे" असं लिहून टाकतो आणि तिथेच देणं कबूल होतं.

नोकरी सोडताना सगळ्यात धोक्याचा कागद असतो व्हिसा कॅन्सलेशनचा. त्यात "मला सगळी देणी मिळाली" असं वाक्य असतं आणि एचआर म्हणतो ही फक्त फॉरमॅलिटी आहे, सही कर, पैसे नंतर देतो. पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. सही करायचीच वेळ आली तर बाकी कमिशन किती आणि कधी देणार हे कंपनीच्या लेटरहेडवर, सही शिक्क्यासकट वेगळं लिहून घ्या. कायद्यानं नोकरी संपल्यावर 14 दिवसांत सगळी देणी द्यायची असतात. पासपोर्ट अडवून ठेवायचा कंपनीला अधिकार नाही, आणि व्हिसाचा, भरतीचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा पण अधिकार नाही, त्यामुळे हिशोबात "व्हिसा खर्च वजा" अशी ओळ दिसली तर तीही दाव्यात घाला. आणि रागाच्या भरात न सांगता ऑफिसला जाणं बंद करू नका, कंपनी काम सोडून पळाल्याची नोंद करते आणि ती निस्तरण्यात महिने जातात. रीतसर राजीनामा, नोटीस पिरियड, सगळं मेलवर.

करारात "नोकरी सोडल्यावर आलेलं कमिशन मिळणार नाही" असं कलम असतं कधीकधी आणि लोक ते न वाचता सही करून मोकळे होतात. ते असेल तर केस अवघड होते, खोटी आशा लावत नाही. पण पैसे तुम्ही कंपनीत असतानाच आले होते आणि कंपनीनं मुद्दाम रोखून धरले असं तारखांवरून दिसत असेल तर तो वेगळा मुद्दा आहे, अशा वेळी वकिलाला करार दाखवाच.

मोहरेची तक्रार ॲपवरून किंवा वेबसाइटवरून करता येते, फी नाही. आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, त्याला 14 दिवस धरा. 1 जानेवारी 2024 पासून मोठा बदल असा झाला की 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यात मोहरे स्वतः निर्णय देऊ शकतं आणि तो कोर्टाच्या हुकुमासारखा अंमलात येतो, कोणाला मान्य नसेल तर 15 कामाच्या दिवसांत कोर्टात जायचं. त्याहून मोठा दावा समझोता झाला नाही तर कोर्टाकडे जातो, आणि 1 लाख दिरहमपर्यंतच्या कामगाराच्या दाव्याला कोर्ट फी लागत नाही. मुदतीचं पण लक्षात ठेवा, आधी देणं थकल्यापासून 1 वर्ष होतं, 2024 च्या दुरुस्तीनंतर नोकरी संपल्यापासून 2 वर्षं झालंय. तरी दोन वर्षं थांबू नका, तोपर्यंत कंपनीच बंद झालेली असते.

कोर्टात अरबी चालते, इंग्रजी कागद मान्यताप्राप्त ट्रान्सलेटरकडून करून घ्यावे लागतात आणि पानावर पैसे पडतात, म्हणून पाचशे पानांचं चॅट नाही, नेमकी दहा पानं निवडा. कमिशनचा हिशोब गुंतागुंतीचा असेल तर कोर्ट एक्स्पर्ट नेमतं, तो दोन्ही बाजूंचे कागद बघून रिपोर्ट देतो आणि निकाल पुष्कळदा त्याच्यावरच ठरतो. तिथे तो एका पानाचा तक्ता परत कामाला येतो.

हे झालं मेनलँड, म्हणजे फ्री झोनबाहेरच्या, कंपनीचं. कंपनी डीआयएफसीमधली (दुबईचा आर्थिक फ्री झोन) असेल तर तिचा कामगार कायदा वेगळा, कोर्टही वेगळं आणि ते इंग्रजीत चालतं, छोट्या दाव्यांसाठी तिथे स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल आहे. आणि नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर राहून काम करत असाल तरी वर्क परमिट लागतंच. परमिट नसताना नुसत्या तोंडी शब्दावर काम करणाऱ्यांचे हाल मी बघितलेत, कामगार म्हणून दाखवायला कागदच नसतो, मग साधा दिवाणी दावा करावा लागतो आणि फी स्वतः भरावी लागते.

समझोता करताना हप्ते मान्य करायला हरकत नाही पण पुढच्या तारखांचे चेक घ्या आणि समझोता मोहरेसमोरच नोंदवा. नोंदवलेला समझोता मोडला तर रक्कम कितीही असली तरी मोहरे निर्णय देऊ शकतं. आणि 2022 पासून बाउन्स झालेला चेक थेट एक्झिक्युशन (वसुलीच्या) कोर्टात नेता येतो, वेगळा दावा लढवावा लागत नाही. माझे 38,000 दोन चेकमध्ये आले, दुसरा बाउन्स झाला होता, एक्झिक्युशनची फाइल उघडल्याचं कळल्यावर नवव्या दिवशी पैसे खात्यात.

परत भारतात यावं लागलं तर? केस सोडू नका. ओळखीच्या विश्वासू माणसाच्या किंवा वकिलाच्या नावे पॉवर ऑफ अटर्नी द्या, भारतात नोटरी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई एम्बसी, आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. जमलं तर हे दुबईत असतानाच नोटरीकडे करून निघा, खूप धावपळ वाचते. दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. आणि मालक भारतीय असेल आणि दुकान गुंडाळून भारतात पळाला असेल तरी जानेवारी 2020 पासून यूएई कोर्टाची डिक्री भारतातल्या जिल्हा कोर्टात थेट अंमलबजावणीला लावता येते, दावा पहिल्यापासून लढवावा लागत नाही. निकालाची सर्टिफाइड कॉपी मात्र दुबईतून निघतानाच घेऊन या.