अलॉय व्हीलवरचे काळे चिकट डाग

बाईकच्या मागच्या अलॉयवर (मिश्रधातूच्या चाकावर) चेन लूबचे, म्हणजे चेनच्या वंगणाचे, काळे ठिपके आणि नवीन रोडचं डांबर बसलं की शाम्पूने कितीही घासा, निघत तर नाहीच उलट पसरतं.

१. चाक गार असताना जुन्या बनियनच्या फडक्यावर थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन डागावर दोनेक मिनिटं दाबून धरा मग पुसा, स्पोकच्या खाचांत जुना टूथब्रश फिरवा, डाग तपकिरी होऊन ओघळतो.
२. लगेच भांड्याच्या लिक्विडने धुवून कोरडं करा, टायरवर तेल राहू देऊ नका.

ब्रेक डिस्कवर थेंबही नको, ब्रेक लागणार नाही. चाक हातानेच फिरवा, इंजिन बंद! इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरतं ठेवत पुसणारे महाभाग असतात, चेनमध्ये बोटं जातात.