जर्मनीतले पहिले महिने: आधी पत्ता, मग बाकी सगळं

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत येणाऱ्यांची पहिली यादी बहुधा बँक, सिम कार्ड आणि मसाले अशी असते. इथली व्यवस्था मात्र वेगळ्या क्रमाने चालते. राहत्या पत्त्याची नोंद झाली की कराचा नंबर येतो, त्यावर पगाराचा हिशेब नीट बसतो, आणि व्हिसा वाढवायलाही तीच नोंद लागते. ही पहिली कडी अडली की मागचं सगळं अडतं, म्हणून तयारी इथूनच करा.

या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी कार्यालयात, जाऊन ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचं एक पत्र लागतं: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक असलं तरी कागद एका पानाचाच असतो: कोण, कुठल्या तारखेपासून, कुठल्या पत्त्यावर राहायला आलं. भाडेकरार दाखवून भागत नाही, हेच पत्र लागतं. तात्पुरत्या फ्लॅटचे अनेक मालक ते देत नाहीत. त्यामुळे पहिल्या महिन्याचं घर भारतातून बुक करताना ‘इथे आनमेल्डुंग करता येईल का?’ हे लेखी विचारून घ्या. उत्तर गोलमोल आलं तर ते घर सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी. बर्लिनसारख्या शहरात दोन आठवड्यांत अनेकदा अपॉइंटमेंटच मिळत नाही. तिथे शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं, आणि रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर वेबसाइटवर दिसतात. वेळ मागितल्याचा पुरावा जपून ठेवा, म्हणजे उशीर तुमच्यामुळे झालेला नाही हे दाखवता येतं. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. इथे चर्चचे सभासद चर्चकर भरतात आणि तो पगारातूनच कापला जातो, म्हणून तो रकाना न वाचता भरू नका.

मराठी नावांचा एक खास घोळ आहे. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. जर्मन कार्यालय ती दोन्ही तुमचीच नावं धरतं आणि सगळीकडे तशीच लिहितं. ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. बँक, विमा, भाडेकरार, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच पूर्ण नाव द्या. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की दोन वेगळी माणसं तयार होतात आणि ती एकच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता टपालपेटी. पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं, आणि कराचा अकरा आकडी नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन हे सगळं पत्रानेच येतं. घरात शिरल्या दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवा. कोणाच्या घरात खोली घेतली असेल तर पत्त्यात मूळ भाडेकरूचं आडनावही हवं. कराचा नंबर साधारण दोन ते चार आठवड्यांत येतो. तोवर कंपनी सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापू शकते. तो पैसा बुडत नाही, नंतर वळता होतो, पण पहिला पगार हातात फार कमी पडू शकतो. निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम जवळ ठेवूनच या. विद्यार्थ्यांचा ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधी पैसे भरून गोठवलेलं खातं, हा त्याचाच सरकारी अवतार: वर्षाला 11,904 युरो, त्यातून महिन्याला 992 सुटतात.

लग्न झालेल्यांचा कर जोडीने बघितला जातो, म्हणून विवाहाचा दाखला मूळ प्रत आणि शपथबद्ध अनुवादकाच्या जर्मन भाषांतरासह सोबत हवा. भारतातून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेला सरकारी शिक्का, करून आणलं की काम झालं असं एजंट सांगतात. जर्मनीने मात्र भारताच्या अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे. काही कार्यालयं भाषांतरावर समाधान मानतात, काही ठिकाणी दाखल्याची भारतात पडताळणी करून घ्यायला सांगतात आणि त्यात महिने जातात. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मदाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. तसा असेल तर निघण्याआधी नाव चढवून नवा, मराठी-इंग्रजी दाखला काढून घ्या. इथून ते काम करणं म्हणजे भावाला चार वेळा तालुक्याला पाठवणं.

घर शोधताना जाहिरातीत दोन आकडे दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटेमध्ये पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंग धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. हा वरखर्च अंदाजाने घेतलेला असतो, वर्षाअखेरीचा हिशेब नंतर येतो, आणि हिवाळ्यात हीटर सढळ हाताने वापरला असेल तर फरक भरावा लागतो. डिपॉझिट कायद्याने तीन काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं सांगणारा मालक ठग असतो. याला अपवाद नाही. घर बघितल्याशिवाय किंवा विश्वासातल्या कोणी बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

रिकामं घर म्हणजे इथे खरोखर रिकामं. अनेक घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं आणि छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीच्या भाडेकरूचं किचन विकत घ्यायची पद्धत आहे, किंमत घासाघीस करून ठरवा. ताबा घेताना लेखी नोंद करा: विजेच्या, पाण्याच्या आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, प्रत्येक ओरखड्याचा फोटो, किल्ल्यांची संख्या. किल्ली हरवली तर काही इमारतींमध्ये सगळ्या दारांची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. त्यासाठी हाफ्टप्फ्लिष्ट नावाचा दायित्व विमा घ्या आणि त्यात किल्ल्या हरवणं धरलं आहे ना ते बघून घ्या. तो स्वस्तात मिळतो. इथे बहुतेक सगळे घेतात, आणि नव्याने आलेले नेमके हाच टाळतात. घर सोडताना साधारण तीन महिन्यांची नोटीस लागते आणि ती कागदावर, हाताच्या सहीने. ईमेल ग्राह्य धरला जात नाही.

स्वयंपाकाचा आणि भिंतींचा संबंध आपल्याकडे कोणी लावत नाही. इथे लावावा लागतो. खिडक्या हवाबंद असतात, त्यामुळे कुकरची वाफ, आंघोळीची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे हा सगळा ओलावा थंड कोपऱ्यात जाऊन बसतो. कपाटामागे काळी बुरशी धरते, आणि मालक तिचे पैसे डिपॉझिटमधून मागतो. उपाय ठरलेला आहे: दिवसातून दोन-तीनदा हीटरचा नॉब बंद करायचा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यायची, मग बंद. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी वाढतेच. नॉबवरचा 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

विजेचा दाब भारतासारखाच आहे, 230 व्होल्ट, त्यामुळे मिक्सर चालतो. आपली तीन गोल पिनांची प्लग मात्र बसत नाही, अर्थिंगवाला अ‍ॅडॉप्टर लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. स्टीलचा, इंडक्शन तळाचा आणा आणि दोन जादा रिंगा टाका. गोल बुडाची कढई घरीच ठेवा.

खाऊ भरताना भावनेच्या आहारी जाऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. यात घरचं तूप, पेढे, बर्फी, खवा, सुकं मटण, सगळं आलं. ताज्या फळांना आणि पालेभाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, अननस, खजूर अशी मोजकी फळं सोडली तर हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी कस्टममध्ये जाते. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, कोकम, तेलात तळलेली चकली बिनधास्त आणा. तुपाऐवजी बुटरश्माल्त्स, म्हणजे इथलं कढवलेलं लोणी, चालतं. श्रीखंडाला क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा पदार्थ, घ्या: फॅट असलेला, रात्रभर फडक्यात टांगून, कारण त्यात चक्क्यापेक्षा पाणी जास्त असतं. पोळ्यांसाठी 405 नंबरचं पीठ घेऊ नका, तो जवळजवळ मैदाच. कोथिंबीर, भेंडी, मिरच्या तुर्की दुकानात स्वस्त आणि ताज्या मिळतात.

रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडून. बाटल्या-कॅनवर अनामत असते, बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांवर आणि कॅनवर 25 सेंट. ती दुकानातल्या मशीनमध्ये परत मिळते, म्हणून बाटली चेपू नका. रात्री दहानंतर मिक्सर लावू नका. नोंदणीनंतर टीव्ही-रेडिओच्या शुल्काचं पत्र येतं, घरामागे महिन्याला 18.36 युरो. घरात टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं आणि ते पत्र बनावट नसतं. घरातलं कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-नंबर कळवला की झालं.

दुखण्याखुपण्यासाठी आधी जवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, धडधाकट असतानाच गाठून ठेवा. आजारी पडल्यावर शोधायला गेलात तर ‘नवीन पेशंट घेत नाही’ हेच ऐकू येईल. दवाखाना बंद असताना 116117, जिवावर बेतलं तर 112. पॅरासिटामॉलसुद्धा फक्त औषधाच्या दुकानातच मिळतं. सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं जादा पैसे न भरता येतात. खासगी विमा तरुणपणी स्वस्त दिसतो, पण त्यातून परत येणं अवघड असतं. कुटुंब आणणार असाल तर सरकारीच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भारतीय लायसनवर इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मुदतीनंतर चालवणं हा दंडावर सुटणारा मामला नाही, गुन्हा आहे. तोवर डॉइचलांडटिकेट आहे: 2026 पासून महिन्याला 63 युरो, देशभरातल्या शहरी बसेस, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. स्टेशनांवर फाटकं नसतात म्हणून तिकीट नको असं समजू नका. साध्या कपड्यांतला तपासनीस 60 युरो घेतो, आणि बर्लिनमध्ये कागदी तिकिटावर मशीनचा शिक्का नसेल तरी घेतो.

भारतातून आणलेल्या व्हिसाची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, अर्ज करा. कार्ड यायला वेळ लागला तर मधल्या काळासाठी फिक्शन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मिळतो. त्यावर तीन चौकटी असतात. निवास कायद्याच्या कलम 81 च्या उपकलम 4 समोर खूण असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. उपकलम 3 समोर असेल तर बाहेर पडल्यावर परत येण्यासाठी नवा व्हिसा लागतो. गणपतीची तिकिटं काढण्याआधी ती चौकट बघा.