रानातल्या कोकमाचे नमुने घेण्यापूर्वी

सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतच्या रानातली कोकमाची झाडे बियांपासून उगवलेली असल्याने एका झाडाचा रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ, दुसऱ्याच्या रातांब्यासारखा नसतो, आणि ही विविधता जनुकीय पातळीवर तपासायची तर तयारी थंडीतच सुरू करावी लागते. कोकमाची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात आणि त्यांची खात्रीची ओळख फुलांवरूनच पटते. म्हणून पहिली फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या बहरात करावी, फुलात पुंकेसरांचा झुबका आहे की मधोमध बीजांडकोश आहे हे भिंगातून पाहावे आणि झाडाला क्रमांकाचा बिल्ला बांधून तशी नोंद वहीत करावी. फळांनी लगडलेल्या झाडांचेच नमुने घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. नर झाड फळत नाही म्हणून त्यावर कुऱ्हाड चालते, पण परागणातून तयार झालेल्या रोपाचा अर्धा वारसा त्याच्याकडूनच येतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी किती नर उरले आहेत हे मोजणे मला पाने गोळा करण्याइतकेच मोलाचे वाटते.

वनविभागाची लेखी परवानगी आणि २००२च्या जैवविविधता कायद्याखालील पूर्तता आधीच करून घ्यावी. झाडे देवराईत असतील तर हाती कागद असला तरी गावच्या मानकऱ्यांना विचारल्यावाचून एक पानही तोडू नये.

सामानात फांद्या छाटायची कात्री, कागदी पाकिटे, हवाबंद पिशव्या, शिसपेन्सिल आणि पाने सुकवण्यासाठी त्यांच्या वजनाच्या किमान दसपट सिलिका जेल (ओल शोषून घेणारे, ओल धरली की रंग पालटणारे खडे) असावे. तांबूस पालवी नुकती हिरवट होऊ लागली की ती खुडावी, कारण जून पानांतली चिकट द्रव्ये आणि टॅनिन हे तुरट द्रव्य डीएनए वेगळा काढताना फार त्रास देतात. दुसऱ्या दिवशी जेलचा रंग पाहावा आणि तो पालटला असल्यास जेल बदलावे. एका ठिकाणची वीस-तीस झाडे पुरतात. मात्र आईखाली रुजलेली भावंडेच पुन्हा पुन्हा मोजली जाऊ नयेत म्हणून नमुन्याची झाडे एकमेकांपासून दूरची निवडावीत. परसातल्या झाडांची नोंद वेगळी ठेवावी, कारण त्यांत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' या वाणाची कलमे असू शकतात आणि कलमांचा जनुकसाठा एकच असतो.

दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागण्याआधी, फळांसाठी करावी. सालीची जाडी, रंग आणि आंबटपणा झाडागणिक नोंदवावा, आणि बिया हव्या असल्यास त्या उन्हात न वाळवता ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवून लगेच पेराव्यात, कारण कोरड्या पडल्या की त्यांची उगवणशक्ती जाते.