अगादिरला येताय? 'बर्बर' हा शब्द घरीच ठेवून या

मोरोक्कोतल्या या शहरात नोकरीला येणारी आपली माणसं पहिल्याच फोनवर विचारतात, "तिकडे बर्बर लोक असतात ना?" मराठीत बर्बर म्हणजे रानटी, क्रूर. ज्यांची भाषा कळत नाही त्यांना ग्रीकांनी दिलेल्या नावातूनच इथल्या लोकांचं हे नाव आलं. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनी इमाझिघेन. त्याचा अर्थ ते 'स्वतंत्र माणूस' असा सांगतात. तुम्हीही तोच शब्द वापरा. समोरच्याचा चेहरा कसा उजळतो ते दिसेलच.

ऑफिसात फ्रेंच आणि बाजारात दारिजा, म्हणजे इथली बोलीतली अरबी चालते. पण या सूस भागातली घरातली भाषा तशेल्हीत, म्हणजे अमाझिग भाषेचंच इथलं रूप. 'अझुल' म्हणजे नमस्कार, 'मांझाकिन?' म्हणजे कसे आहात, 'तनमिर्त' म्हणजे आभार. एवढे तीन शब्द पहिल्या आठवड्यात पाठ करा. वयस्कर बाईला नुसत्या नावाने हाक मारू नका, आधी 'लल्ला' लावा. सरकारी पाट्यांवर गोल आणि रेघांची लिपी दिसेल, ती तिफिनाघ. दोन्ही हात वर करून उभ्या माणसासारखं त्यातलं अक्षर अमाझिग झेंड्यावर लाल रंगात असतं. 2011च्या राज्यघटनेने अरबीसोबत अमाझिग भाषेलाही अधिकृत दर्जा दिला. लोकांनी त्यासाठी फार वर्षं झगडा केलाय, म्हणून 'ही बोलीच ना?' असं चुकूनही विचारू नका.

अर्गन या इथल्या झाडाच्या बियांचं तेल बाटलीत विकत घ्याल, पण एकदा ते काढताना बघा. बायका जमिनीवर बसून एका दगडावर बी धरतात, दुसऱ्याने फोडतात. आतला गर भाजून जात्यावर दळतात. अगदी आपलंच जातं, खुंट्यासकट! मग त्या पिठात थोडं थोडं कोमट पाणी घालून तेल सुटेपर्यंत मळत राहायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजीच्या ओव्या आठवल्या आणि डोळे भरून आले. हेच तेल, बदाम आणि मध एकत्र वाटून अमलू करतात; सकाळी पावासोबत खातात.

गावाकडे 'तिविझी' चालते: एकाच्या शेताला सगळ्यांचे हात. कोकणातल्यांना वेगळं समजवायला नको, ही सावडच.

13 जानेवारीच्या रात्री कुणी जेवायला बोलावलं तर नक्की जा. दुसऱ्या दिवशी त्यांचं नवं वर्ष, यन्नायर. 2024पासून मोरोक्कोत त्याची सरकारी सुट्टी असते. वर्षाचा आकडा हवा असेल तर इसवी सनात 950 मिळवा. त्या रात्री तगुला करतात, म्हणजे भरड्याची घट्ट खीर. मध्ये खड्डा करून त्यात अर्गनचं तेल किंवा लोणी. सगळे एकाच परातीतून खातात, आपापल्या बाजूने. आत खजुराची बी लपवलेली असते. ज्याला सापडेल त्याचं वर्ष भाग्याचं. सांभाळून चावा.

शाकाहारी असाल तर आधीच सांगा, संकोच करू नका. कुसकुसवर (रव्याच्या वाफवलेल्या कण्यांवर) भाज्या रचलेल्या दिसल्या तरी रस्सा बहुतेक वेळा मटणाचाच असतो.

शुक्रवारी शेजारून कुसकुसचं ताट आलं तर ते रिकामं परत करू नका. मी पुरणपोळी पाठवते. आमची शेजारची लल्ला तिच्यावर तुपाऐवजी अर्गनचं तेल सोडते, आणि आता माझी मुलंही तशीच मागतात.