स्वतःचा रोलप्लेइंग गेम बाजारात आणताना: व्यवहाराची आखणी कशी करावी

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र साकारत आणि फासे टाकत मिळून कथा घडवण्याचा खेळ, हा मुळातच विकायला अवघड माल आहे. पाच-सहा जणांच्या गटात एकाने नियमपुस्तक विकत घेतले की त्या एका प्रतीवर सगळ्यांचे काही वर्षे भागते, फासे एकदा घेतले की झिजत नाहीत, आणि पुढची साहसे, म्हणजे खेळायच्या कथा, घरच्या घरी रचता येतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अवघ्या हजार प्रतींच्या आवृत्तीने सुरू झाला, तेव्हापासून या व्यवसायातला प्रत्येक प्रकाशक याच अडचणीशी झगडत आला आहे. स्वतःचा खेळ विकण्याचा विचार असेल, तर चित्रे, छपाई आणि जाहिरात यांच्याआधी या अडचणीचे उत्तर कागदावर मांडावे.

त्यासाठी पहिली पायरी म्हणजे ग्राहक ठरवणे. डिसेंबर २०२२ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची आजची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या तेव्हाच्या अध्यक्ष सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितले होते, की गेम मास्टर, म्हणजे कथा मांडून खेळ चालवणारे, हे खेळणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच असले तरी खर्चाचा सर्वांत मोठा वाटा तेच उचलतात. उरलेल्या ८० टक्के खेळाडूंकडून पैसे कसे मिळवायचे, हा मोठ्या कंपनीने त्यातून काढलेला प्रश्न होता. छोट्या प्रकाशकाने मात्र त्या २० टक्क्यांवरच लक्ष ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गेम मास्टर मिळाला तर खेळाडू जमतात. तो थकला तर उत्तम नियमांचा खेळही कपाटात जातो. म्हणून यापुढच्या प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावावी: यामुळे खेळ चालवणाऱ्याची तयारी हलकी होते का?

ही कसोटी प्रत्यक्ष पानावर कशी लागते ते पाहा. समजा, साहसात एका पुलावरचा पहारेकरी आहे. त्याच्या घराण्याचा इतिहास दीड पान लिहिला, तर तो वाचायला छान वाटेल. पण ऐन खेळात, चार जण एकदम बोलत असताना, गेम मास्टरला तो शोधता येणार नाही. त्याऐवजी तीन ओळी पुरतात: त्याला काय हवे आहे, तो कशाला घाबरतो, आणि खेळाडूंनी त्याला न जुमानल्यास तो लगेच काय करील. पुलाचा नकाशा, पहारेकऱ्याचे आकडे आणि या तीन ओळी समोरासमोरच्या दोन पानांवर बसवल्या, की पाने उलटावी लागत नाहीत. मग हे साहस लेखकाने स्वतः न चालवता, ज्याने ते आधी पाहिलेले नाही अशा व्यक्तीच्या हाती द्यावे आणि आपण गप्प बसून पाहावे. ती व्यक्ती जिथे थांबते, मागची पाने चाळते किंवा मनाने काहीतरी ठोकून देते, त्या जागा लिहून घ्याव्यात आणि दुरुस्त कराव्यात. केवळ वाचनासाठी जाडजूड देखणी पुस्तके घेणारा वर्ग मोठा आहे आणि त्याच्या पैशाला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण वाचून ठेवलेले पुस्तक नवे गिऱ्हाईक आणत नाही, खेळलेले साहस आणते.

दुसरा निर्णय परवान्याचा आहे, आणि तो घाईत घेऊ नये. विझार्ड्सने २००० साली ओपन गेम लायसन्स दिले आणि इतर प्रकाशकांना त्यांच्या नियमांवर आधारित पुस्तके काढता येऊ लागली. पुस्तकांचा पूर आला, आणि २००३ मध्ये नियमांची सुधारित आवृत्ती आल्यावर जुन्या नियमांवरचा माल दुकानांत पडून राहिला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीसोबत अधिक जाचक परवाना आला, तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्या परवान्याच्या आधारे २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढून स्वतंत्र वाट धरली. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्के रॉयल्टीची तरतूद होती. एवढा गदारोळ झाला, की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली खुले केले. तो परवाना मागे घेता येत नाही.

या इतिहासावरून कोणताही परवाना वाचताना तीन कलमे आधी शोधावीत: तो देणाऱ्याला रद्द करता येतो का, तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर हक्क कोणाचा राहतो, आणि तो माल कुठेकुठे विकता येतो. उदाहरणार्थ, डंजन मास्टर्स गिल्ड या संकेतस्थळावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची अधिकृत काल्पनिक जगे वापरता येतात आणि आयता ग्राहकवर्ग मिळतो, पण निम्मी रक्कम तिथेच कापली जाते आणि ते साहस दुसरीकडे विकता येत नाही. ओळख मिळवण्यासाठी एखादे छोटे साहस तिथे द्यायला हरकत नाही, मात्र ज्यावर व्यवसाय उभा करायचा ते जग तिथे ठेवू नये. अमेरिकी कायद्यानुसार खेळाच्या कार्यपद्धतीला कॉपीराइट मिळत नाही, तो ती मांडणाऱ्या शब्दांना आणि चित्रांना मिळतो. त्यामुळे नियम स्वतःच्या भाषेत लिहिण्याचे कष्ट घेतले, तर परवान्याची गरज पुष्कळदा उरतच नाही. निव्वळ यंत्राने काढलेल्या चित्रालाही तिथे कॉपीराइट मिळत नाही, हे मुखपृष्ठ ठरवताना विसरू नये.

पैशाचा हिशेब छपाईच्या आधी करावा. समजा, पुस्तकाची छापील किंमत ५० डॉलर आहे. वितरकामार्फत दुकानात गेल्यास प्रकाशकाच्या हाती साधारण ४० टक्के, म्हणजे २० डॉलर येतात. छपाईला ९ आणि वाहतूक व गोदामाला ३ डॉलर धरले, तर प्रतीमागे ८ डॉलर उरतात. हजार प्रती खपल्या तरी हे ८,००० डॉलर झाले, आणि त्यातून चित्रकार, संपादक, मांडणीकार आणि शेवटी लेखक, एवढ्यांचे भागवायचे आहे. तेच पुस्तक थेट विकले, तर छपाई, गोदाम, टपाल आणि पैसे भरण्याचे शुल्क वजा जाता शिल्लक पुष्कळ जास्त असते. पीडीएफच्या बाबतीत ड्राइव्हथ्रूआरपीजी या विक्री-संकेतस्थळावर विक्रेत्याला सुमारे ६५ ते ७० टक्के मिळतात, तर इच डॉट आयओवर संकेतस्थळाचा वाटा किती ठेवायचा हे विक्रेताच ठरवतो. म्हणून सुरुवात पीडीएफ आणि मागणीनुसार छपाईने करावी, आणि दुकानांकडे वळताना किंमत अशी ठेवावी की वितरकाचा वाटा गेल्यावरही तोटा होऊ नये. वितरकाशी करार करताना, माल विकला जाईपर्यंत मालकी कोणाची, हे कलम डोळ्यांत तेल घालून वाचावे. जानेवारी २०२५ मध्ये डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा विक्रीसाठी ठेवलेल्या मालावरून अनेक प्रकाशकांना वादात अडकावे लागले.

क्राउडफंडिंगचे, म्हणजे ग्राहकांकडून आगाऊ पैसे जमवण्याच्या मोहिमांचे, आकडे डोळे दिपवणारे असतात. ‘अवतार लेजेंड्स’ने २०२१ मध्ये किकस्टार्टर या त्यासाठीच्या संकेतस्थळावर ९५ लाख डॉलर जमवले आणि २०२४ मध्ये ‘कॉस्मियर’वरील खेळाने दीड कोटींचा टप्पा ओलांडला. पण या दोन्हींमागे आधीच लोकप्रिय झालेली कथाविश्वे होती, त्यामुळे नवख्याने त्यांवरून स्वतःचे उद्दिष्ट ठरवू नये. त्यापेक्षा ‘मदरशिप’ हा खेळ अभ्यासावा: २०१८ मध्ये एक पातळ पुस्तिका, तिची पीडीएफ हवी ती किंमत देऊन घेण्याची सोय, मग एकेक साहस, आणि २०२१ मध्ये पेटीतल्या संचासाठी चौदा लाख डॉलरहून अधिक रक्कम. म्हणजे मोहीम सुरू झाली तेव्हा खेळणारी मंडळी आधीच तयार होती. मोहिमेची किमान रक्कम ठरवताना किकस्टार्टरचे ५ टक्के आणि पैसे भरण्याचे ३ ते ५ टक्के वेगळे काढावेत. टपालखर्च मात्र माल पाठवण्याच्या वेळी, चालू दराने घ्यावा. अधिक रक्कम जमल्यास फासे, पडदे, नाणी देण्याची आश्वासने टाळावीत, कारण यातली प्रत्येक वस्तू नवा कारखाना, नवे वजन आणि नवा जकात-प्रश्न घेऊन येते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरील शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा छापील पुस्तके त्यातून बहुतांशी सुटली, पण पेट्या आणि फासे सुटले नाहीत. जास्तीचे द्यायचेच असेल, तर आणखी एक साहस द्यावे.

डिजिटल बाजूकडे थोडक्यात पाहू. विझार्ड्सने २०२२ मध्ये डीअँडडी बियाँड हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे डिजिटल साधनांचे संकेतस्थळ १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकत घेतले, तरी त्यांच्या ‘सिजिल’ या त्रिमितीय खेळपटाचा बहुतेक चमू तो खुला झाल्यावर महिन्याभरातच, मार्च २०२५ मध्ये, कमी करण्यात आला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे झेपले नाही ते आपण करू नये. रोल२० किंवा फाउंड्री या ऑनलाइन खेळपटांवर चालतील असे नकाशे आणि तक्ते तयार करून द्यावेत, आणि छापील पुस्तकासोबत पीडीएफ मोफत द्यावी.

पैसे घेऊन खेळ चालवणारे गेम मास्टर आता स्टार्टप्लेइंगसारख्या संकेतस्थळांवर रीतसर व्यवसाय करतात, आणि छोटे प्रकाशक त्यांच्याकडे अजून पुरेसे लक्ष देत नाहीत. शुल्क घेऊन खेळ चालवण्याची आणि त्याचे प्रक्षेपण करण्याची परवानगी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर स्पष्ट शब्दांत द्यावी. सोबत तीन तासांत संपणारे एक मोफत साहस आणि आधीच भरलेली पात्रपत्रके (पात्रांच्या माहितीची पाने) द्यावीत, म्हणजे नवा गट पुस्तक न घेता खेळ चाखू शकतो. त्या साहसाच्या शेवटी ईमेल नोंदवण्याची जागा ठेवावी. संकेतस्थळे आपले नियम बदलतात आणि बंदही पडतात, पण ही यादी तुमच्याकडेच राहते.

पहिल्या पुस्तकानंतर लगेच दुसरे जाड पुस्तक हाती घेऊ नये. दर तीन-चार महिन्यांनी एक छोटे साहस काढावे आणि प्रत्येकाच्या विक्रीबरोबरच मूळ नियमपुस्तकाची विक्री त्या आठवड्यात किती हलली याची नोंद ठेवावी. साहसे खपत असूनही नियमपुस्तक जागचे हलत नसेल, तर जुनेच ग्राहक पुन्हा घेत आहेत असे समजून मोफत साहस नव्या गटांपर्यंत नेण्यावर भर द्यावा. दोन्ही वाढत असतील, तरच मोठ्या छपाईचे दरपत्रक मागवावे.