इन्सुलिन चालू असताना साखर आणि वजन दोन्ही कसे आवरावे

‘इन्सुलिन लागले की माणूस फुगतोच’ असे मला पहिल्याच आठवड्यात तिघांनी सांगितले. मी ते खरे मानले आणि आठ महिन्यांत ६२ किलोंवरून ७१ वर गेले. आज चौदा वर्षे झाली, इन्सुलिन चालूच आहे, वजन ६४ च्या आसपास आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, निघाले. म्हणजे आमच्या फोंड्यात काय, कुठल्याही वाड्यावर हा प्रश्न घरोघरचा आहे.

डोस डॉक्टरांनी ठरवून दिलाय, ग्लुकोमीटर घरात आहे, टोचायला येते, हे धरून चालते.

आधी वजन का वाढते ते समजून घ्या. रक्तातली साखर साधारण १८० च्या (ग्लुकोमीटरवरचा आकडा, मिलिग्रॅम/डेसिलिटर) वर गेली की ती लघवीतून वाहून जाऊ लागते. खाल्लेले अंगी लागत नाही, माणूस वाळतो. इन्सुलिन ही गळती बंद करते. त्यामुळे आजारात गेलेले दोन-तीन किलो परत आले तर घाबरू नका. त्यापुढे काटा सरकत राहिला तर मात्र कारण शोधा. आणि वजनाच्या भीतीने इन्सुलिन चुकवणे, हा विचारही मनात आणू नका. प्रकार १ चा मधुमेह असलेल्या, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा माणसाला त्यातून दोन दिवसांत अतिदक्षता विभागात जावे लागू शकते.

पहिली पायरी, सिरिंज तपासा. कुपीवर ४० लिहिले असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० लिहिले असेल तर केशरी. १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर अडीचपट इन्सुलिन अंगात जाते. दुकानदाराने दिले म्हणून घेऊ नका, स्वतः वाचा.

दुसरी, जागा बदला. मागच्या टोचणीपासून दोन बोटे लांब. एकाच जागी टोचून पोटावर गाठ आली असेल तर तिथे टोचणे बंद करा. गाठीतले इन्सुलिन कधी मुरते, कधी मुरत नाही. चांगल्या जागी आल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून ते आठ दिवस साखर जास्त वेळा तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

तिसरी, भात मोजा. उकड्या तांदळाने साखर वाढत नाही, हे ऐकून माझे कान किटले आहेत. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात, उकडा असो की साधा, सुरय. पेजेतही तोच तांदूळ असतो. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या, महिनाभर वजन करा, मग नजर बसते. हुमणातले मासे पोटभर खा, भात ठरलेलाच.

आता चौथी पायरी. माझे नऊ किलो इथेच वाढले.

इन्सुलिनवर साखर कधी कधी गरजेपेक्षा खाली उतरते. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि भूक अशी लागते की समोर येईल ते खावेसे वाटते. मला हे सकाळी अकराच्या सुमाराला व्हायचे. सासूबाई धावत लाडू आणायच्या, मग केळे, मग दोन चमचे साखर घातलेला चहा आणि चार बिस्किटे. त्यांचा जीव तुटायचा, माझे खाणे थांबायचे नाही. हे सगळे ४०० कॅलरींच्या वर जाते. दुपारी साखर २८० दिसायची, मग डोस वाढायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला घाम. त्यात एका दवाखान्यात सांगितले, दर दोन तासांनी काहीतरी खात जा. म्हणजे जास्त झालेल्या इन्सुलिनला मी दिवसभर खाणे पुरवत होते, आणि ते सगळे अंगावर बसत होते.

करायचे ते असे. शक्य असेल तर आधी तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्या आणि घड्याळ लावून १५ मिनिटे थांबा. पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. ती पंधरा मिनिटे फार लांब वाटतात, कारण साखर वर आली तरी भूक आणि कापरे लगेच जात नाही. त्या वेळी स्वयंपाकघरात थांबू नका. मी अंगणात तुळशीपाशी जाऊन बसायचे. पुढचे जेवण तासाभराहून लांब असेल तर नंतर दोन बिस्किटे, बस्स.

लाडू, चॉकलेट नको. त्यातली स्निग्धता साखरेला रक्तात लवकर पोचू देत नाही, वेळ जातो आणि कॅलरी उरतात. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची (साखरेचे पचन लांबवणारी) गोळी चालू असेल तर साधी साखरही वेळेवर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे. मी काट्यावर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवते: उशाशी, पर्समध्ये, स्कूटरच्या डिकीत. पावसाळ्यात त्यांचे खडे होतात, महिन्याला बदला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा.

मग खरे काम. साखर का उतरली ते वहीत लिहा: किती वाजता, आधी काय खाल्ले होते, किती चाललात, कुठे टोचले होते. आठवड्यात दोनदा एकाच वेळी उतरली आणि कारण सापडले नाही, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘डोस कमी करायचा का?’ असे सरळ विचारा. अशा वेळी बहुधा १० ते २० टक्के कमी करतात. माझा सकाळचा डोस चार युनिटांनी उतरला आणि अकराचा लाडू कायमचा सुटला. सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त येते म्हणून रात्रीचा डोस वाढवण्याआधी दोन-तीन रात्री तीनचा गजर लावून तपासा. झोपेतच साखर उतरत असेल, अंथरूण घामाने भिजत असेल, तर डोस वाढवणे धोक्याचे आहे.

पाचवी, जेवल्यावर अर्धा तास चाला. चालायच्या आधी मांडीत टोचू नका, इन्सुलिन लवकर मुरते.

चवथीला नेवऱ्या, पातोळ्या घरात असणारच. एक पातोळी घेतली तर तेवढा भात कमी करा. जादा इन्सुलिन मारून चार खाऊ नका. फेणी किंवा हुर्राक घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी तर मुळीच घेऊ नये. दारू पचवताना यकृत साखर सोडायचे थांबवते, आणि साखर कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत राहते. कापरे आले तर भोवतालच्यांना ती नशा वाटते. निदान सोबतच्या एकाला तरी आधी सांगून ठेवा की मी इन्सुलिनवर आहे आणि पुडी खिशात आहे.